कृष्णमंदिर आणि रंगमंदिर

तुरुंगाला आपल्या मराठीत एक विनोदी आणि तितकेच हृद्य नाव आहे. स्वातंत्र्याच्या चळवळीत एखादा कार्यकर्ता दिसेनासा झाला, की शेजारीपाजारी म्हणत, "ते कृष्णमंदिरात गेले." भगवंताचा जन्म बंदिशाळेत झाला, म्हणून बंदिशाळा हेच त्याचे मंदिर, असा त्यातला भाव. छत्तीसगडातील रायपूर शहरात याच कल्पनेला एका माणसाने कागदावर उतरविले होते. त्याची हकीकत पुढे येईलच. आज मला तुमच्याशी बोलावयाचे आहे ते या कृष्णमंदिराविषयी आणि त्याच्या अगदी उलट टोकाला असलेल्या रंगमंदिराविषयी. एक जागा माणसाला माणसापासून तोडण्यासाठी बांधलेली, तर दुसरी माणसांना एकत्र आणण्यासाठी उभारलेली. या दोहोंची गाठ पडते तेव्हा काय घडते, हा माझ्या भाषणाचा विषय आहे.

रायपूर आपल्याला तसे परके नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर होता. पुढे इंग्रजी अमदानीत हा सारा मुलूख मध्यप्रांतात गेला आणि १९५६ पर्यंत रायपूरच्या माणसाला सरकारदरबारचे मोठे काम निघाले म्हणजे नागपूरचीच वाट धरावी लागे. २००० साली छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी झाली. त्या शहरातील जयस्तंभ चौकात आजही एका बंदिवानाचे स्मरण केले जाते. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह हे ते बंदिवान. १८५६ साली त्या भागात दुष्काळ पडला होता आणि सावकाराची कोठारे मात्र धान्याने भरलेली होती. नारायणसिंहांनी कोठार फोडले, धान्य भुकेल्यांना वाटले आणि आपण काय केले हे स्वतःच इंग्रज अधिकाऱ्यांना कळविले. त्यांच्यावर दरोड्याचा आरोप ठेवून त्यांना रायपूरच्या तुरुंगात टाकण्यात आले. ऑगस्ट १८५७ मध्ये ते तुरुंगातून निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरातच त्यांना फाशी देण्यात आले.

चोरी करून ती आपण होऊन कबूल करणारा हा चोर आपण लक्षात ठेवू या. सव्वाशे वर्षांच्या आतच त्याच्यासारखाच एक चोर याच प्रदेशाच्या रंगभूमीवर अवतरणार होता.

तुरुंगातील खरी शिक्षा कोणती? निकृष्ट अन्न, सक्तमजुरी, दंडाबेडी या गोष्टी जुन्या आठवणींतून वाचावयास मिळतात. परंतु तुरुंगात राहून आलेले लोक मनमोकळेपणी बोलू लागले, की यांपैकी कशावरही ते फारसे रेंगाळत नाहीत. एकटेपणाविषयी मात्र पुन्हा पुन्हा बोलतात. माधवराव सप्रे यांचे चरित्र या दृष्टीने फार बोलके आहे. सप्रे हे मराठी घराण्यातले. परंतु हिंदी पत्रकारितेच्या आद्य पुरुषांत त्यांची गणना होते. १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक त्यांनी काढले आणि १९०७ साली नागपुरातून 'हिंदी केसरी'. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. बाहेर कुटुंबीयांचा जीव कासावीस झालेला, वडील बंधूंचा निर्वाणीचा आग्रह. अशा कोंडीत सापडून त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि काही महिन्यांतच ते सुटले.

सुटले असे म्हणावयाचे, एवढेच. तुरुंगाचे दार उघडले, पण आपण सहकाऱ्यांना अंतरलो ही बोचणी त्यांना घेऊन बसली. ते वर्ध्याजवळच्या हनुमानगडावर गेले, भिक्षा मागून राहिले, समर्थ रामदासांच्या ग्रंथांत त्यांनी मन गुंतविले. त्यातूनच दासबोधाचा हिंदी अनुवाद निपजला. पुढे लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'चाही हिंदी अनुवाद त्यांनीच केला. एका बंदिवानाचा ग्रंथ दुसऱ्या बंदिवानाने आपल्या भाषेत नेला. रायपूर हेच सप्र्यांचे कार्यक्षेत्र राहिले आणि १९२६ साली तेथेच त्यांचा अंत झाला. बाहेर येऊनही एकाकी राहिलेला माणूस परक्याचे शब्द आपल्या मुखाने उच्चारीत पुन्हा माणसांत येतो, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नट तरी याहून वेगळे काय करीत असतो?

आता ज्यांचा उल्लेख मी आरंभी केला ते गृहस्थ. पंडित सुंदरलाल शर्मा हे राजिमजवळच्या चमसूर गावचे. जन्म १८८१ चा. कवी, नाटककार, चित्रकार आणि अस्पृश्यतेविरुद्ध फार लवकर उभे राहिलेले कार्यकर्ते. १९३३ साली महात्माजी छत्तीसगडात आले, तेव्हा हरिजनकार्यात शर्मा हे आपले गुरू असे त्यांनी म्हटल्याचे सांगतात. १९२२ साली सत्याग्रहाच्या चळवळीत शर्माजींना शिक्षा झाली आणि ते रायपूरच्या तुरुंगात गेले. तेथे त्यांनी एक हस्तलिखित पत्र काढले आणि त्याला नाव दिले 'श्रीकृष्ण जन्मस्थान'! छापखाना नाही, टपाल नाही, वर्गणीदार नाहीत. वाचक कोण, तर भिंतीपलीकडचे सोबती. वर्तमानपत्राचा सारा थाट तेथे बंदिवानांनी बंदिवानांसाठी मांडलेला. यात नाटकाचा अंश आहे, असे मी म्हटले तर आपण हसू नये. तुरुंगातील खोलीला श्रीकृष्णाचे जन्मस्थान म्हणावयाचे आणि स्वतःला त्याचा वृत्तांतकार समजावयाचे, म्हणजे एक भूमिकाच धारण करावयाची. भूमिका घेतलेल्या माणसाला काही काळ तरी कैदी राहता येत नाही.

आपल्याकडेही हेच घडत होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत अशी अठरा प्रवचने झाली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. आपल्या भाषेतील दोन अतिशय लोकप्रिय पुस्तके अशी कोठडीत जन्मास आली आणि दोन्ही बोलण्याच्या रीतीची आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. समोर कुणीतरी बसलेले आहे, त्याच्या तोंडाकडे पाहत आपण सांगत आहोत, हा सूर त्यांत आरंभापासून शेवटपर्यंत टिकतो.

परंतु हे झाले सुशिक्षित राजबंद्यांचे. त्यांच्यापाशी भाषा होती, ध्येय होते, बाहेर जयजयकार करणारा समाज होता. खून, चोरी, मारामारी करून आलेल्या सामान्य बंद्याचे काय? त्याच्यापाशी यांपैकी काहीच नसते. या प्रश्नाला महाराष्ट्राने एक उत्तर दिले, त्याचा आपल्याला काहीसा विसर पडला आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ, १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, स्वतंत्रपूर नावाची बिनभिंतींची वसाहत निघाली. संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा पाठिंबा आणि भारतानंद म्हणून ओळखले जाणारे पोलंडचे मॉरिस फ्रिडमन यांची कल्पकता, यांतून ती उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांतील बंदी तेथे शेती करीत आणि बायकामुलांसह राहत. ग. दि. माडगूळकर त्याच मुलुखातले. त्यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे सर्वश्रुत आहे.

त्या चित्रपटाचे नावच पाहा. बारा हात सहा बंद्यांचे आणि दोन डोळे जेलरचे. ते डोळे त्यांना पळून जाऊ देत नाहीत. मला वाटते, कारागृह आणि रंगभूमी यांच्यातील नाते या डोळ्यांतच आहे. तुरुंगात माणसावर अहोरात्र नजर असते. मोजणी होते, झडती होते, पहारा होतो. तरी त्याला कुणी पाहत मात्र नाही. रंगमंचावरील माणसाकडेही शेकडो डोळे लागलेले असतात. पण ते डोळे तो आता काय करील याची वाट पाहत असतात. पहाऱ्याची नजर माणसाने काही करू नये म्हणून असते.

आता पुन्हा रायपूरकडे वळू. १ सप्टेंबर १९२३ रोजी या शहरात हबीब तन्वीर यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण येथेच आणि पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून. पुढे मुंबई, दिल्ली, इंग्लंड असा प्रवास करून ते परतले, तेव्हा आपल्या मुलुखातील 'नाचा' या लोकनाट्याकडे त्यांचे लक्ष गेले. नाचा म्हणजे आपल्या तमाशाचे छत्तीसगडी भावंड. रात्रभर चालणारे, मोकळ्या जागेतले, पुरुषांनीच स्त्रीभूमिका करण्याच्या परंपरेतले, हजरजबाबी सोंगाड्याच्या बळावर उभे असलेले. १९५८ साली 'मृच्छकटिका'च्या हिंदी प्रयोगासाठी तन्वीरांनी नाच्यातील सहा कलावंतांना दिल्लीस नेले आणि पुढच्या वर्षी 'नया थिएटर' ही संस्था स्थापन केली.

मात्र येथे एक गाडी अडली आणि ती कित्येक वर्षे अडून राहिली. गावच्या मैदानात जे नट वाघासारखे वावरत, तेच दिल्लीच्या रंगमंचावर भिजल्या मांजरासारखे दिसू लागले. तन्वीर चकित झाले. आपली चूक त्यांना हळूहळू उमगली आणि ती त्यांनी मोकळेपणाने कबूलही केली. ते या नटांना येथून तेथे इतकी पावले जा, येथे थांबा, असे शिकवीत होते; आणि जे ज्यांची मातृभाषा छत्तीसगडी, त्यांच्याकडून हिंदी वदवून घेत होते. मग त्यांनी दोन्ही बंधने काढून टाकली. १९७३ साली रायपुरात नाच्याच्या कलावंतांचे महिनाभर शिबिर भरविण्यात आले. जुनी प्रहसने नटांनीच करून दाखवावयाची, त्यांतच नवे प्रसंग सुचवावयाचे, बोली त्यांची, हालचालीही त्यांच्या. त्यातून 'गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दामाद' हे नाटक तयार झाले आणि त्यानंतर 'चरणदास चोर' आले.

विजयदान देथा यांनी सांगितलेली राजस्थानी लोककथा हा 'चरणदास चोरा'चा आधार. एक चोर गुरूपुढे थट्टेने शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. गुरू आपल्याकडून आणखी एक शपथ घालतो ती खोटे न बोलण्याची. आणि मग या चोराच्या नशिबी एकेक करून तेच सारे येते. राणी त्याला वरू पाहते, तो नाही म्हणतो आणि सत्यापायी प्राण गमावतो. या नाटकाचा पहिला कच्चा खर्डा भिलाईत सतनामी समाजापुढे सादर झाला. सत्य हाच ईश्वर मानणाऱ्या गुरू घासीदासांचे हे अनुयायी. खरे बोलणाऱ्या चोराची गोष्ट त्यांना भिडली यात नवल नाही. मंचावर पंथी नृत्य आले, गीते आली. १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात हे नाटक गाजले. चरणदासाच्या भूमिकेसाठी गोविंदराम निर्मलकर यांचे नाव छत्तीसगडात आजही आदराने घेतात. कोठार फोडून अधिकाऱ्यांना वर्दी देणारे नारायणसिंह मला या नाटकाच्या वेळी नेहमी आठवतात. तन्वीरांच्या मनात ते होते की नाही, हा प्रश्न वेगळा. त्या मातीला असा चोर ओळखीचा होता, एवढे निश्चित.

रायपूरच्या त्या शिबिराचा आणि कारागृहाचा संबंध काय, असे आपण विचाराल. संबंध असा, की कारागृहातील नाट्यशिबिरे चालविणाऱ्यांना पुढे जी अडचण आली ती हुबेहूब हीच आहे. बाहेरून नाट्यशिक्षक जातो. बंदी रांगेत, मान खाली घालून, हुकुमाची वाट पाहत उभे राहतात. कारण तेथे तसेच उभे राहावयाचे असते. अशा वेळी शिक्षकाने पावले मोजून दिली आणि शुद्ध भाषेतील संवाद पाठ करावयास लावले, तर त्याने एका पहारेकऱ्याची भर घातली असेच होईल. म्हणून जाणते शिक्षक प्रथम रांग मोडून वर्तुळ करतात. वर्तुळात प्रत्येकाला प्रत्येकाचे तोंड दिसते. मग प्रत्येकाने आपले नाव सांगावयाचे, एखाद्या हालचालीसह, आणि सर्वांनी ते परत म्हणावयाचे. दोघांनी समोरासमोर उभे राहून एकाने हात हलवावा आणि दुसऱ्याने आरशासारखे त्याचे अनुकरण करावे. एकाने डोळे मिटून मागे रेलावे, इतरांनी त्याला झेलावे. दिसावयास सगळा पोरखेळ! पण ज्या ठिकाणी पाठ दाखविणे हाच धोका, तेथे डोळे मिटून मागे रेलणे हे केवढे धाडस आहे, याची कल्पना बाहेरच्यांना सहसा येत नाही.

आणि मग भूमिका. मारणाऱ्याने मार खाणाऱ्याची भूमिका करावी, मुलाने बापाची, बंद्याने शिपायाची. आपल्याकडे वाल्याचा वाल्मीकी होण्याची कथा घरोघर सांगतात. त्या कथेत वाल्या घरी जाऊन बायकामुलांना विचारतो, माझ्या पापाचे वाटेकरी व्हाल काय? तो प्रश्न त्याला पडतो, कारण दुसऱ्याच्या नजरेतून स्वतःकडे पाहावयास त्याला कुणीतरी भाग पाडलेले असते. छत्तीसगडात तुरतुरिया येथे वाल्मीकींचा आश्रम होता असे लोक मानतात. आणि योगायोग असा, की भारतातील कारागृहीय रंगभूमीचा सर्वांत गाजलेला प्रयोग याच कथेचा आहे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कारागृहात नर्तकी अलकनंदा रॉय २००७ साली पाहुण्या म्हणून गेल्या आणि तेथेच रमल्या. त्यांनी बंद्यांना घेऊन रवींद्रनाथांची 'वाल्मीकि-प्रतिभा' ही गीतनाटिका बसविली. १८८१ साली ती लिहून वाल्मीकीची भूमिका स्वतः रवींद्रनाथांनी केली होती. येथे ती एका बंद्याने केली, आणि तोच पुढे सुटून चित्रपटात अभिनेता झाला. कर्नाटकातही म्हैसूरच्या 'रंगायण'मधील हुलुगप्पा कट्टीमनी यांनी जन्मठेपेच्या बंद्यांकडून गिरीश कार्नाडांचे 'तलेदंड' करवून घेतले. या मंडळींचे प्रयोग कारागृहाबाहेरच्या नाट्यगृहांतही झाले. तिकीट काढून आलेले प्रेक्षक आणि विंगेत उभे असलेले पोलीस, असे ते दृश्य.

या सर्वांचे कौतुक करताना थोडे थांबावयास हवे. नाटकाने माणूस सुधारतो, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. चांगला नट हा चांगला माणूस असतोच असे नाही. हे सिद्ध करावयास तुरुंगापर्यंत जाण्याचीही गरज नाही. शिवाय ज्याच्या घरातला माणूस गेला, त्याने वृत्तपत्रात हसतमुख बंद्याचे रंगभूषेतील छायाचित्र पाहिले, तर त्याच्या मनात काय येत असेल? हा प्रश्न टाळून चालणार नाही. तिसरी अडचण अगदी व्यवहारातली आहे. २०२२ सालाच्या अखेरीस भारतातील कारागृहांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते. त्यांपैकी शेकडा ७५ हून अधिक लोकांचा खटला अजून संपलेला नव्हता. म्हणजे चारातील तिघे कायद्याच्या दृष्टीने अपराधीच नाहीत. नाटक बसविण्यासाठी निदान दोन-तीन महिने एक संच टिकावा लागतो; येथे आज नायक झालेला माणूस उद्या जामिनावर सुटतो, परवा दुसऱ्या कारागृहात जातो. म्हणून दिग्दर्शक जन्मठेपेचे बंदी निवडतात. ज्यांना सर्वाधिक काळ आत राहावयाचे त्यांच्या वाट्याला नाटक येते आणि खटल्याची वाट पाहत ताटकळणाऱ्या गर्दीच्या वाट्याला पुन्हा बराकच. यावर मला तोड सुचत नाही. कदाचित एका दिवसाचेच नाटक, गोष्ट सांगण्याचेच नाटक, हा मार्ग असेल; नाच्यातील सोंगाड्याला तरी कुठे लेखी संहिता लागते?

शेवटी एक हकीकत सांगतो. आकाशवाणीच्या श्रोत्यांना ती विशेष जवळची वाटेल. १९ नोव्हेंबर १९५७ रोजी अमेरिकेतील सॅन क्वेंटिन तुरुंगात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नाट्यसंस्थेने सॅम्युएल बेकेट यांचे 'वेटिंग फॉर गोदो' हे नाटक केले. हर्बर्ट ब्लाऊ त्याचे दिग्दर्शक. त्या तुरुंगात १९१३ साली सारा बर्नहार्ट या विख्यात नटीने प्रयोग केला होता, त्यानंतर नाटक असे झालेच नव्हते. हे नाटक निवडण्याचे एक कारण असे सांगतात, की त्यात एकही स्त्रीपात्र नाही. दोन माणसे कुणाची तरी वाट पाहतात आणि तो येत नाही, एवढेच त्यात घडते. मोठमोठ्या शहरांतील सुविद्य प्रेक्षक या नाटकाने गोंधळून गेले होते. येथे चौदाशे बंद्यांनी ते एकचित्ताने ऐकले. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

त्या रात्री रिक क्लूची नावाचा जन्मठेपेचा एक तरुण बंदी मात्र सभागृहात नव्हता. त्याला बाहेर पडण्याची परवानगी नव्हती. तुरुंगातील ध्वनिक्षेपकावरून नाटक कोठड्यांपर्यंत पोचविले जात होते, ते त्याने आपल्या कोठडीत बसून ऐकले. नट दिसले नाहीत, प्रकाश दिसला नाही, केवळ आवाज. पुढे त्याने इतर बंद्यांसह तुरुंगातच नाट्यसंस्था उभी केली आणि बेकेटची नाटके बसविली. १९६६ साली तो सुटला. १९७७ साली बर्लिनमध्ये स्वतः बेकेट यांनी त्याला 'क्रॅप्स लास्ट टेप' या नाटकात दिग्दर्शित केले. त्या नाटकात एकच पात्र आहे. एक म्हातारा टेबलापाशी बसतो, ध्वनिमुद्रकावर फीत चढवितो आणि तीस वर्षांपूर्वीचा आपलाच आवाज कान देऊन ऐकू लागतो.